पडीक द्राक्षबाग घेतली; आता कुणाला बोलवायचं?

वाईत जुना वाडा दुरुस्तीला काढला की पहिल्याच दिवशी दारात रंगवाला उभा असतो. त्याच्या मागोमाग फरशीवाला, मग खिडक्यांना ॲल्युमिनियम बसवून देणारा. भिंतीत पाणी कुठून मुरतंय हे सांगणारा गवंडी मात्र आपणच शोधून आणावा लागतो. कारण त्याच्याकडे विकायला काही नसतं. माती-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवून आत ओल कोंडलेली घरं वाईच्या आळ्यांमधून फिरताना अजून दिसतात. त्या घरांत पैसा कमी पडलेला नसतो. माणसं उलट्या क्रमाने आलेली असतात.

माझ्या मावसभावाने तासगाव तालुक्यात तीन एकरांची जुनी द्राक्षबाग घेतली तेव्हा मला हेच आठवलं. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा धोम धरणातून वाईच्या घाटांवर येते आणि पुढे सांगली जिल्ह्यात ताकारी, म्हैसाळसारख्या उपसा योजना तिचं पाणी उचलून द्राक्षपट्ट्याला देतात. नदी एकच असली तरी शेतीचं शास्त्र दोन्हीकडे सारखं नाही. आम्ही ऊस, हळद, घेवड्यातली माणसं. द्राक्षात आम्ही परदेशी म्हणावे इतके परके. बाग चार वर्षं नीट छाटलेली नव्हती, मंडप एका बाजूला कलला होता, आणि खरेदीखताच्या आठवड्यातच औषधांच्या दुकानातला एक मुलगा बॅग घेऊन बांधावर हजर झाला होता.

अशी बाग पुन्हा उभी करायला सात-आठ प्रकारची माणसं लागतात. ती कोण, प्रत्येकाने नेमकं काय पाहायचं आणि कुणाआधी कोण यायचं, याचा हा हिशेब.

पहिला माणूस: कागद वाचणारा

हा व्यवहाराआधी हवा. शेतीचे व्यवहार रोज पाहणारा तालुक्याचा वकील उत्तम. तो तीस वर्षांचा शोध घेतो, सातबारा आणि आठ-अ काढतो, पण त्याचं खरं काम असतं जुने फेरफार एकामागून एक लावून वाचण्याचं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना असतो. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाची नोंद, बहिणींचे हक्क, सगळं तिथे सापडतं. द्राक्षबागेवर कर्ज असणं हा अपवाद नसतो. मंडप, ठिबक, औषधं, सगळं उधारीवर उभं राहिलेलं असतं. बोजा कमी झाल्याचा फेरफार हातात आल्याखेरीज शेवटची रक्कम द्यायची नाही.

विकत घेणाऱ्यालाही एक कागद लागतो. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. भावाच्या नावावर वाई तालुक्यात वडिलोपार्जित जमीन होती म्हणून शेतकरी असल्याचा दाखला मिळाला. अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या नातेवाइकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारशाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. घरच्या माणसाच्या नावावर पैसे लावून ‘आपली’ बाग घेण्याचा मार्ग पुढे भावाभावांत कज्जा लावतो.

कागदावर न दिसणारे दोन प्रश्न वकिलाला मुद्दाम विचारायचे. रस्ता कुठून आहे? आणि विहिरीत हिस्सा किती? द्राक्षाला ट्रॅक्टर, ब्लोअर आणि माल नेणारी गाडी बागेपर्यंत जावी लागते, पायवाट पुरत नाही. विहीर सामाईक असेल तर आठवड्यातले कोणते दिवस आपली पाळी, ते लेखी हवं. तोंडी पाळी नव्या मालकाला कुणी देत नाही.

दुसरा माणूस: मोजणारा

भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून सरकारी मोजणी करून घ्यायची. शेजारच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि मग नकाशाची ‘क’ प्रत मिळते. शेजाऱ्यांना त्या दिवशी चहा पाजावा. मोजणीत तुमची दोन ओळी पलीकडे गेलेली निघाली तर तो चहा कामाला येतो. नवा मंडप हद्दीच्या तीन फूट अलीकडे थांबवायचा की बांधाला भिडवायचा, हे या नकाशाशिवाय ठरवता येत नाही.

तिसरा माणूस: माती-पाण्याचा

इथे घाई करणारे हटकून फसतात, आणि आम्हीही फसलो. माती-पाण्याची तपासणी करण्याआधीच पिवळ्या पानांवर फवारणीला दोन हप्ते खर्च झाले. पानं पिवळीच राहिली. नंतर कळलं की जमीन चुनखडीची आहे, सामू आठाच्या वर आहे, आणि जमिनीत लोह असूनही वेलीला ते उचलता येत नाही. बाटलीतलं लोह वरून मारून ते चार दिवस झाकलं जातं, इतकंच.

मातीचा नमुना घेण्याची पद्धत सोपी आहे, पण ती मोडण्याचा मोह होतो. बांधावरची, खताच्या ढिगाजवळची, वाटेवरची माती घ्यायची नाही. ठिबकच्या ओल्या पट्ट्यात, जिथे मुळं असतात तिथे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा फूटभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या एका बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून तळापर्यंत खरवडायची. बागेत आठ-दहा ठिकाणी असं करायचं, घमेल्यात सगळी माती मिसळायची, गोणपाटावर पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. उरलेल्या मातीचे पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हे चालू ठेवायचं. पिशवीत जाते ती अर्धा किलो माती तीन एकरांच्या वतीने बोलणार असते.

पाण्याचा नमुना मोटर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग भरायचा. विहीर आणि बोअर यांचे नमुने वेगळे. पाण्याची ईसी, म्हणजे क्षारांचा अंदाज देणारा आकडा, 1 च्या आत असेल तर निर्धास्त. त्याहून वर गेला की सल्लागाराशी बोलायचं. क्लोराइड, सोडियम आणि बायकार्बोनेटचे आकडेही मागून घ्यायचे. बायकार्बोनेट जास्त असलं की ठिबकची तोंडं पांढरी होऊन बुजतात.

चौथा माणूस: वेल ओळखणारा

आता द्राक्ष सल्लागार. सांगली भागात लोक त्याला सरळ ‘द्राक्ष डॉक्टर’ म्हणतात. अट एकच: त्याचं स्वतःचं किंवा भावाचं औषधाचं दुकान नसावं. फी घेणारा सल्लागार महाग वाटतो. फुकट सल्ला देणारा बिलात वसूल करतो. चांगली नावं कुठून मिळतात? 1960 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाच्या चर्चासत्रांतून, आणि पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या मार्गदर्शनातून. सगळ्यात खात्रीचा पत्ता म्हणजे शेजारची सलग तीन वर्षं चांगली आलेली बाग. तिच्या मालकाला विचारायचं, तुमच्याकडे कोण येतो?

तासगाव तालुक्यात असं विचारायला लाज वाटण्याचं कारण नाही. बोरगावच्या वसंतराव आर्वे या शेतकऱ्याने थॉम्पसनच्या वेलींमधून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ जात याच मातीतली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी निवडलेल्या जातीचं नाव सोलापूर, नान्नज आणि काळे यांतून ‘सोनाका’ झालं. इथला कसलेला शेतकरी वेलीकडे संशोधकाच्या नजरेने पाहतो.

आमच्या बागेत पहिल्या दिवशी जे घडलं ते सांगण्यासारखं आहे. जुन्या मालकाने दाखवलेला कोपरा भावाला फार आवडला होता, कारण तिथे हिरवाई दाट होती. सल्लागाराबरोबर शेजारचे एक म्हातारे बागायतदार आले होते. त्यांनी खाली वाकून बुंध्याजवळची माती हाताने बाजूला केली आणि म्हणाले, “पाव्हणं, हे हिरवं दिसतंय ते डॉगरिज हाय. द्राक्ष कवाच मेलंय.”

त्याचा अर्थ असा. आजच्या बहुतेक बागांतली वेल म्हणजे दोन वेलींची जोडणी असते. खाली खुंट, वर द्राक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले तेव्हा अमेरिकेतल्या रानवेलींच्या खुंटावर कलम करून ते वाचवले गेले. आपल्याकडे खुंट आला तो किडीसाठी नव्हे, पाण्याच्या टंचाईसाठी आणि क्षारांसाठी. टेक्सासच्या रानवेलींतून निवडलेला डॉगरिज आपल्याकडे याच कामासाठी लागला. बाग दुर्लक्षित राहिली की कलमाच्या जोडाखालून खुंटाची फूट जोरात निघते, वरचं द्राक्ष उपाशी मरतं, आणि लांबून सगळं हिरवंगार दिसतं. खुंटाचं पान लहान, गोलसर, कमी कातरलेलं; थॉम्पसनचं पान मोठं आणि खाचांचं. दोन पानं शेजारी धरली की फरक समजतो.

म्हणून सल्लागाराकडून पहिलं काम करून घ्यायचं ते वेलींच्या शिरगणतीचं. नऊ फूट बाय पाच फूट लागण असेल तर एका वेलीला 45 चौरस फूट, म्हणजे एकराला 43,560 भागिले 45, साधारण 968 वेली. प्रत्येकीच्या खोडाला चाकूने नखभर साल खरवडून पाहायचं. आत हिरवं असेल तर पांढरी फीत, सुकं असेल तर लाल, जोडाखालूनच जगलेली असेल तर पिवळी. सैल साल सोलली तर मिलीबगचा पांढरा कापूस दिसतो. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तो असणारच. खोडाला भोक आणि खाली भुसा, म्हणजे खोडकिडा. दोन माणसांना तीन दिवस लागतात आणि त्यानंतर बागेचा खरा नकाशा डोळ्यासमोर येतो.

पांढऱ्या फितीच्या वेली नवा ओलांडा, म्हणजे खोडाची मंडपावरची आडवी फांदी, घेऊन सावरता येतात. पिवळ्यांवर जागच्या जागी पाचर कलम होऊ शकतं, सहसा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. लाल जागी नवा खुंट लावायचा, त्यावर पुढे कलम करायचं, नंतर रीकट, म्हणजे कलमाची पुनर्छाटणी, घ्यायचा. अशा वेलीचा पहिला माल हाती यायला लागणीपासून दोन वर्षं धरून चाला. लाल फिती फार झाल्या तर सगळी बाग काढून नव्याने लावणं स्वस्त पडतं का, हे गणित त्याच दिवशी सल्लागारासमोर कागदावर मांडायचं.

वेळापत्रक कोण ठरवतं? वेल.

जूनमध्ये घेतलेल्या बागेबद्दल भावाचा हिशेब सरळ होता. ऑक्टोबरला छाटू, फेब्रुवारीत माल निघेल. सल्लागाराने मान हलवली. आपल्याकडे द्राक्षाला वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे ओलांड्यावरच्या काड्या एका डोळ्यावर आणून नवी काडी वाढवणं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. माल ऑक्टोबरच्या छाटणीनंतर येतो खरा, पण काडीच्या डोळ्यात घड तयार होतो एप्रिल छाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत. तेव्हा ऊन काडीपर्यंत पोचलं, सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन, म्हणजे पोटकाडी, घेतली, गर्दी विरळ केली, तर डोळ्यात घड. एप्रिलला कुणी छाटलंच नसेल तर ऑक्टोबरला नुसता पाला फुटतो.

खात्री करून घेण्याची सोय आहे. फळछाटणीआधी काही काड्या तोडून प्रयोगशाळेत द्यायच्या. ब्लेडने डोळा मधोमध चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की न जन्मलेला घड दिसतो. कितव्या डोळ्यात तो आहे त्यावर छाटणी कितव्या डोळ्यावर घ्यायची ते ठरतं. आमच्या अहवालात बहुतेक डोळे रिकामे निघाले. भाऊ म्हणाला, “दादा, म्हणजे हे वर्ष गेलंच की.” गेलं खरं, पण हे कळल्यामुळे त्या वर्षीचा औषधांचा, घड बुडवण्याचा (डिपिंगचा), मजुरीचा खर्च वाचला आणि ते पैसे मंडपात गेले.

पाचवा आणि सहावा: मंडपवाला आणि ठिबकवाला

हे दोघे विकणारेच. म्हणून यांना सल्लागाराची यादी हातात देऊन बोलवायचं. मंडप वरून पाहायचा नसतो. लोखंडी अँगल जिथे मातीत शिरतो तिथे तो गंजतो. प्रत्येक खांबाच्या बुडाशी माती उकरून हातोडीने वाजवायचं. चांगल्या बागेत एकरी दहा-बारा टन माल तारांवर लोंबतो आणि वर ओला पाला असतो. हे वजन शेवटी कडेच्या खांबांच्या ताणांवर येतं. फेब्रुवारीत माल पिकलेला असताना एक ताण सुटला तर ओळीच्या ओळी जमिनीवर. त्यामुळे मधल्या तारांआधी कडेचे ताण.

ठिबकची परीक्षा मापट्याने होते. ताशी चार लिटरचा ड्रीपर मिनिटाला साधारण 67 मिलिलिटर पाणी देतो. ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एकेक भांडं मिनिटभर ठेवायचं. शेवटच्या भांड्यात निम्मं पाणी भरलं तर दोष नळ्यांत आहे की फिल्टरमध्ये की मोटरच्या दाबात, ते आधी शोधायचं. सगळ्या नळ्या बदलायचा सल्ला लगेच मिळतो. आम्लाची प्रक्रिया करून आणि नळ्यांची टोकं उघडून धुतल्यावर निम्म्या नळ्या वाचतात. वीजजोडणी आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज याच सुमारास द्यायचा.

सातवा: टोळी आणि तिचा मुकादम

छाटणी उक्ती दिली जाते, एकराच्या दराने. दर ठरवताना काय काय धरलंय ते लिहून घ्यायचं. फक्त काड्या कापणं, की त्या बाहेर काढून बांधावर रचणं, ओलांडे बांधणं, सैल साल सोलणंही? उचल किती, हेही त्याच कागदावर. टोळी चांगली आहे का हे ओळखायचं तर दहा वेली छाटून झाल्यावर काप पाहायचा. तो स्वच्छ, डोळ्यापासून थोडा वर आणि तिरका हवा.

फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. हे काम बहुधा बायका करतात. हे द्रव्य विषारी आहे. हातमोजे, चष्मा मालकाने द्यायचे. आणि पेस्टिंगच्या दिवसांत, आगेमागेही, दारूचा थेंब नको. दोन्ही एकत्र आली की माणसाचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, दवाखाना गाठावा लागतो. मुकादमाला हे सगळ्यांसमोर सांगायचं.

बोर्डो मिश्रण करणारा जुना गडी टोळीत असेल तर त्याला सोडू नका. एक टक्क्याला मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपात भिजवून एकाच वेळी तिसऱ्यात ओतायचं. मग आमच्याकडच्या गड्याने विळा बुडवून वर काढला आणि पात्याकडे पाहिलं. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळा आहे, पानं जळतील, अजून चुना हवा. पातं लख्ख राहिलं की फवारायला मोकळे. बोर्डोच्या रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना घाबरवायला मारलेलं हे निळं पाणी केवडा या बुरशीजन्य रोगावर चालतं, हे फ्रान्समध्ये 1880 च्या दशकात लक्षात आलं. तासगावात ते आजही चालतं.

आठवा: रोज सकाळी बागेत असणारा

वाईहून तासगाव म्हणजे गाडीने तीन तास. केवडा इतका वेळ देत नाही. रात्री पाऊस पडला, पहाटे पानं ओली राहिली की सकाळी फवारणी झालीच पाहिजे. म्हणून एक कारभारी माणूस बागेवरच राहायला हवा. सालाने ठेवा किंवा वाट्याने द्या, पण त्याच्या राहण्याची खोली मंडपाच्याही आधी दुरुस्त करा. त्याच्याकडून एक वही मागायची. तारीख, औषध, प्रमाण, पाणी किती वेळ, कोण होतं. 2010 साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडकली तेव्हापासून ही वही नसलेली बाग निर्यातदार पाहतही नाहीत. बेदाणा करायचा असला तरी वही हवीच.

व्यापारी मात्र शेवटी. चार किलोच्या पेटीचा दर फोनवर ऐकून हरखायचं नाही. आधी पैसे किंवा निदान रोज उचललेल्या मालाचे रोज पैसे, हा नियम सांगली भागातल्या कित्येक शेतकऱ्यांनी ठेच खाऊन शिकलेला आहे. दर पडलाच तर बेदाणा हा दुसरा रस्ता असतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो आणि तो शीतगृहात थांबू शकतो.

हा क्रम केवळ आपल्याकडचा नाही. फ्रान्समध्ये मळा घेणाऱ्यालाही आधी नोटरीकडे बसावं लागतं, शेतजमिनीवर पहिला हक्क सांगू शकणाऱ्या ‘साफेर’ या संस्थेचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागतं, मग माती, मग वेल, आणि पिंपं सगळ्यात शेवटी.

पुढच्या एप्रिलला आमची पहिली खरड छाटणी झाली. ऑक्टोबरआधी काड्या पुन्हा तपासायला गेल्या आणि या वेळी अहवालात डोळ्यांसमोर आकडे होते. त्याच आठवड्यात बॅग घेतलेला तो मुलगा परत बांधावर आला. भावाने त्याला चहा दिला, खिशातून सल्लागाराच्या हातची चिठ्ठी काढली आणि म्हणाला, “एवढंच पाहिजे. यातलं किती आहे तुमच्याकडे?” मुलाने चिठ्ठी वाचली, दोन औषधांवर बोट ठेवलं, आणि बाकीची बॅगेतच राहिली.